हृदय वेळेत पोहोचलं, पुढे काय?

दोन-चार महिन्यांतून एकदा तरी पेपरात ती बातमी असतेच. पोलिसांनी चौकाचौकांत वाहतूक अडवली, डब्यात हृदय घेऊन अँब्युलन्स सुसाट निघाली, एरवी तास-दीड तास खाणारा रस्ता तिने वीस-पंचवीस मिनिटांत कापला. 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द आता शाळकरी पोरांनाही पाठ झालाय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोटो, खाली 'यशस्वी शस्त्रक्रिया', आणि बातमी संपली. तो पेशंट महिन्याने कसा आहे, वर्षाने आहे की नाही, हे पेपरात वाचल्याचं तुम्हाला आठवतंय? मला तरी क्वचितच.

खरं तर बातमी संपते तिथून त्या घरातल्या बाईचं काम सुरू होतं. आणि ते सुरू होण्याआधी घरात एक निर्णय झालेला असतो: ऑपरेशन कुठे करायचं? हा निर्णय आपल्याकडे कसा होतो, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी सांगायला नको. गावातले डॉक्टर एक नाव सुचवतात, चुलतदीर दुसरं सुचवतात, कोणी म्हणतं त्या हॉस्पिटलची लॉबी फाइव्ह स्टार आहे, कोणी म्हणतं अमक्या सर्जनच्या हाताला यश आहे. राहायला नातेवाइकांचं घर कुठल्या शहरात आहे, यावरही बरंच ठरतं. एक साधा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. या हॉस्पिटलात गेल्या वर्षभरात असली ऑपरेशनं झाली किती, आणि त्यातली माणसं आज आहेत किती?

हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. जगात या प्रश्नावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं अभ्यास चाललाय. १९७९ साली अमेरिकेत हॅरॉल्ड लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ दीड हजार हॉस्पिटलांची आकडेवारी तपासली. बारा प्रकारची ऑपरेशनं घेतली. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या अवघड ऑपरेशनांत त्यांना स्पष्ट दिसलं, की जिथे ती जास्त होतात तिथे मृत्यू कमी होतात. पुढे १९९४ मध्ये खास हृदय प्रत्यारोपणाची आकडेवारी पाहिली गेली, तर वर्षाला नऊपेक्षा कमी प्रत्यारोपणं करणाऱ्या केंद्रांत पहिल्या महिन्यात आणि पहिल्या वर्षात दगावणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी पुन्हा हिशेब मांडला आणि म्हटलं, नऊ-दहा नव्हे, निदान चौदा तरी हवीत. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला मेडिकेअर म्हणतात. त्या मेडिकेअरने २००७ च्या नियमात, नव्या केंद्राला मान्यता हवी असेल तर बारा महिन्यांत दहा हृदय प्रत्यारोपणं दाखवा, अशी अट घातली.

दहा काय, चौदा काय, आकडा फार मोठा नाहीच. महिन्याला साधारण एक. पण महिन्याला एक आणि वर्षाला दोन यांत फरक आहे. दिवाळीच्या अनारशांचंच घ्या ना. वर्षातून एकदा करणारीचे अनारसे तुपात पडले की हसतात. पीठ तेच, गूळ तोच, खसखसही तीच. पण जिच्या घरून वर्षभर ऑर्डरी जातात, तिला पीठ हाताला लागताच कळतं की आज जरा सैल आहे. तिने काही पुस्तक वाचलेलं नसतं, आणि विचारलं तर तिला सांगताही येणार नाही. (अनाऱशांशी हृदयाची तुलना केली म्हणून डॉक्टर मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.)

आता सर्जनचा हात तयार असला की झालं, असं आपल्याला वाटतं. इथेच गफलत आहे. २००९ साली मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो हृदय प्रत्यारोपणाचा नव्हता, पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनांचा होता, पण त्यातली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. जास्त मृत्यू होणारी हॉस्पिटलं आणि कमी मृत्यू होणारी हॉस्पिटलं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. ऑपरेशननंतर गुंतागुंत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच होतं! फरक पडत होता तो त्यानंतर. गंभीर गुंतागुंत झालेले पेशंट दगावण्याचं प्रमाण एकीकडे दुसरीकडच्या जवळजवळ दुप्पट होतं. म्हणजे संकट सगळीकडे येतं, पण ते आलंय हे काही ठिकाणी वेळेत ओळखलं जातं.

ओळखतं कोण? रात्रपाळीची सिस्टर. लघवीचं प्रमाण जरा घटलंय, पेशंट दुपारपेक्षा मलूल दिसतोय, हे मॉनिटरच्या आधी तिला दिसतं, आणि डॉक्टरांना मध्यरात्री उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं हे ती ठरवते. तिने असे तीस पेशंट पाहिलेले असतील तर ती उठवते. एकच पाहिलेला असेल तर तिला धीर होत नाही. ऑपरेशन चालू असताना रक्त फिरवत ठेवणारं यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, भूल देणारे, बायॉप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे, जंतुसंसर्गाचे तज्ज्ञ, औषधांचे डोस बसवणारे, फोन उचलणाऱ्या समन्वयक ताई, एवढी माणसं एका हृदयामागे असतात. हॉस्पिटलचा अनुभव म्हणतात तो या सगळ्यांचा मिळून. फलकावर मात्र नाव एकाचंच असतं.

हृदय प्रत्यारोपणात तर हे जास्तच. शरीराबाहेर काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं. मूत्रपिंडाला त्याहून पुष्कळ जास्त अवधी मिळतो, हृदयाला नाही. म्हणून तो कॉरिडॉर. एकदा बसवलं, की शरीर त्याला परकं समजून हल्ला करणार हे ठरलेलंच. हल्ला थोपवायला औषधं द्यायची, तर जंतूंशी लढायची ताकदही त्याच औषधांनी कमी होते. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी, त्यामुळे तीही धास्ती. या दोन टोकांच्या मधली वाट प्रत्येक पेशंटची वेगळी, आणि ती रोज बदलते. ती शोधायला सवय लागते.

इतिहासही हेच सांगतो. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला पहिल्यांदा बसवलं. तो रुग्ण अठरा दिवस जगला. जेमतेम अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ ला, आपल्या मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हे धाडस केलं. त्यांच्या चमूने त्याआधी प्राण्यांवर कित्येक वर्षं काम केलं होतं. रुग्ण काही तासच जगला. त्या एका वर्षात जगभरात शंभरावर हृदय प्रत्यारोपणं झाली. जो तो उठून करू लागला होता. बहुतेक रुग्ण दिवसांत नाहीतर महिन्यांत गेले, आणि मग एकेका हॉस्पिटलने हे काम बंद करून टाकलं. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला डॉ. नॉर्मन शमवे मात्र थांबले नाहीत. वर्तमानपत्रं पाठ फिरवून गेल्यावरही त्यांची टीम एकेक करत राहिली. मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन तुकडा काढायचा आणि शरीर हृदय नाकारतंय का हे आधीच ओळखायचं, ही युक्ती १९७३ च्या सुमारास तिथेच निघाली. सायक्लोस्पोरिन हे औषध अमेरिकेत मान्य झालं ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ मध्ये.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. २०२३ पासून तीच तारीख आपण अवयवदान दिन म्हणून पाळतो. मुंबईला मात्र १९६८ नंतर तब्बल सत्तेचाळीस वर्षं वाट पाहावी लागली. ३ ऑगस्ट २०१५ ला पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी बसवलं. के. ई. एम.मध्ये पुन्हा हृदय प्रत्यारोपण झालं ते जुलै २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी.

आज एकूण निकाल कसे आहेत म्हणाल, तर चांगले आहेत. घाबरून जाऊ नका. जगभरच्या नोंदींप्रमाणे २००० नंतरच्या दशकात ज्यांना नवं हृदय मिळालं, त्यांतले निम्म्याहून जास्त बारा वर्षांपुढे जगले. जे पहिल्या वर्षातून तरले, त्यांच्यातले निम्मे चौदा वर्षांपुढे गेले. सगळा घाट पहिल्या वर्षात आहे, आणि हॉस्पिटलागणिक फरक दिसतो तोही मुख्यतः याच काळात. पेशंट जितका खालावलेला, तितका हा फरक जास्त, असंही २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. मूत्रपिंडं थकलेली, व्हेंटिलेटरवर असलेली माणसं अनुभवी ठिकाणी जास्त तरली. म्हणजे ज्या घराला धावपळीत जवळचं हॉस्पिटल गाठावंसं वाटतं, त्याच घराला खरं तर थोडं थांबून चौकशी करायची गरज जास्त असते.

पण जुना लौकिक म्हणजे आजचा अनुभव नव्हे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत ह्यूस्टनचं सेंट ल्यूक्स रुग्णालय घ्या. १९६८ साली डॉ. डेंटन कूली यांनी तिथे हृदय प्रत्यारोपणाचा इतिहास घडवला. या क्षेत्रातलं ते काशीक्षेत्रच म्हणा. त्याच रुग्णालयात २०१८ साली प्रत्यारोपणानंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचं 'प्रोपब्लिका' आणि 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या दोन वृत्तसंस्थांनी उघड केलं. जूनमध्ये रुग्णालयाने दोन आठवडे हे काम थांबवलं, आणि ऑगस्टमध्ये मेडिकेअरने तिथल्या हृदय प्रत्यारोपणाचे पैसे देणंच बंद केलं.

हे उघड होऊ शकलं, कारण तिथे प्रत्येक केंद्राचे आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होतात. किती केली, वर्षाने किती जिवंत, अपेक्षा किती होती, कोणीही पाहावं. ब्रिटनमध्येही सरकारी आरोग्यसेवा केंद्रवार अहवाल दरवर्षी काढते, आणि तिथे मोठ्यांची हृदय प्रत्यारोपणं होतात तीच मुळी मोजक्या केंद्रांत.

आणि आपल्याकडे? देशात वर्षाला दोन-अडीचशे हृदय प्रत्यारोपणं होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये साडेचार हजारांवर झाली. आपल्या दोन-अडीचशेतला मोठा वाटा चेन्नईसारख्या शहरांतली मोजकी केंद्रं उचलतात. उरलेल्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात. राज्यात किती झाली हे कळतं, पण कुठल्या हॉस्पिटलातले किती जण वर्षाने हयात आहेत, हे पाहायला सर्वांसाठी खुला असा तक्ता नाही. हॉस्पिटलच्या परवान्यावरून जागा, यंत्रं, तज्ज्ञ आहेत एवढं कळतं. पेशंट घरी गेला की नाही, ते त्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते आपल्या यंत्रणेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि कॉरिडॉरच्या कौतुकात ती झाकली जाते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. सगळ्यांनी मोठ्या केंद्राकडेच धाव घेतली तर नवं केंद्र उभं राहणार कसं? सरकारी हॉस्पिटलं शिकणार कधी? शिवाय जास्त ऑपरेशनं करणारं प्रत्येक ठिकाण चांगलंच असतं असंही नाही, आणि कमी करणाऱ्या काही ठिकाणी निकाल उत्तम असतात. मान्य. पण मग नव्या केंद्राने सांगावं, की आम्ही नवे आहोत, अमक्या अनुभवी केंद्राची माणसं आमच्याबरोबर उभी आहेत, आमचे आकडे हे. ते पाहून घरच्यांना ठरवू द्यावं. आणि एकाच शहरात चार खासगी हॉस्पिटलं दोन-दोन हृदयं वाटून घेतात, त्याला शिकणं म्हणायचं की जाहिरात?

आता आपल्या बाजूचं. बाईच्या बाबतीत हृदय प्रत्यारोपणात एक वेगळी गोष्ट असते, ती फारशी बोलली जात नाही. गरोदरपणात बाळाचा बापाकडून आलेला अंश आईच्या शरीराला परका वाटतो आणि तिच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला म्हणून जुळणारं हृदय मिळणं अवघड जातं, आणि बसवल्यावरही जास्त जपावं लागतं. अनुभवी केंद्र ही तपासणी सुरुवातीलाच करतं. काही जणींचं तर हृदयच बाळंतपणात थकतं, शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत. पाय सुजले, धाप लागते, झोपलं की गुदमरतं. 'बाळंतीण आहे, चालायचंच' म्हणून ते घरात सोडून दिलं जातं. वेळेत औषधं मिळाली तर यातल्या पुष्कळ जणी बऱ्या होतात. थोड्यांवर प्रत्यारोपणाची पाळी येते.

आणि पाळी आली तरी तिचा नंबर लागतो का? राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे 'नोट्टो'च्या नोंदींत १९९५ ते २०२१ या काळातली सगळ्या अवयवांची मिळून ३६,६४० प्रत्यारोपणं होती. त्यांत अवयव मिळालेले पुरुष २९,६९५ आणि बायका ६,९४५. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृत देणाऱ्यांत मात्र बायकाच पुढे. ऑगस्ट २०२५ मध्ये 'नोट्टो'ने राज्यांना सूचना केली, की प्रतीक्षायादीत स्त्री रुग्णांना प्राधान्य द्यावं. सूचना चांगली आहे. पण यादीत नाव घालायला तिला कोणी शहरात नेलंच नाही, तर प्राधान्य कोणाला देणार?

पेशंट नवरा असो, मुलगा असो की आपण स्वतः, सुरुवातीचे काही महिने हॉस्पिटलच्या आसपासच काढायचे असतात. सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी, बायॉप्सी, रक्तातली औषधाची पातळी. खोली भाड्याने घ्यावी लागते. ऑपरेशनचा खर्च सगळे विचारतात, तो लाखांत असतो आणि त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय ट्रस्ट अशी दारं ठोठावता येतात. पण खोलीचं भाडं, बुडालेला रोज, आणि आयुष्यभर रोज न चुकता घ्यायच्या गोळ्या यांचा हिशेब कागदावर कोणी मांडत नाही. तो आधी मांडा. गोळ्या परवडत नाहीत म्हणून दिवसाआड घेतल्या, तर सगळंच वाया जातं.

घरी आल्यावर एक जपा. शेजारीपाजारी, सासू, आत्या प्रेमाने 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा घेऊन येतील. इथे डॉक्टर मुद्दाम तीच शक्ती दाबून ठेवत असतात! गुळवेल असो की दुसरी कुठली पावडर, टीमला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. पपनसाच्या जातीची फळंही टाळायला सांगतात, कारण त्यांनी रक्तातल्या औषधाचं प्रमाण वाढू शकतं. आणि नव्या हृदयाच्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे रक्तपुरवठा अडला तरी छातीत कळ येईलच असं नाही. नुसता थकवा, धाप किंवा सूज असली तरी फोन करायचा.

म्हणून हॉस्पिटल ठरवताना, निघण्याआधीच, कागदावर लिहून विचारा. गेल्या बारा महिन्यांत किती हृदय प्रत्यारोपणं झाली? आजवर किती असं विचारलंत तर दहा वर्षांची बेरीज सांगतील. त्यांतले महिन्याने किती होते, वर्षाने किती? नुसते टक्के सांगितले तर संख्याही मागा, कारण तीनपैकी तीन म्हणजेही शंभर टक्केच. ज्या टीमने ती केली, ती अजून इथेच आहे का? सर्जन हॉस्पिटल बदलतात, आणि त्यांच्याबरोबर कधी कधी अर्धी टीम जाते. बायॉप्सी इथेच वाचतात की बाहेर पाठवतात? रात्री दोनला ताप आला तर फोन कोण घेणार, आणि आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांशी कोण बोलणार? जमलं तर तिथे ऑपरेशन झालेल्या एखाद्या कुटुंबाला भेटवा म्हणावं.

काही जण तोंड वाकडं करतील. 'तुम्हाला काय कळणार त्यातलं' असंही ऐकून घ्यावं लागेल. चांगल्या ठिकाणी मात्र समन्वयक ताई खुर्ची देतात आणि आकडे सांगतात. दोन हॉस्पिटलांत चौकशी केलीत, तर फरक तिथल्या तिथे लक्षात येतो. परवानाधारक हॉस्पिटलांची माहिती 'नोट्टो'च्या १८००-११-४७७० या मोफत क्रमांकावर मिळते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, तिथेही विचारता येईल.